कानीखाली लावलेलं कोकरू

कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे सारजाबाईला उभ्या जन्मात कुणाला विचारावं लागलं नव्हतं. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या, की वाघरीतली, म्हणजे जाळीच्या कुंपणातली, कोकरं एकच कालवा करायची. त्या गोंधळात सारजाबाई पदर खोचून शिरायची, हाताला येईल ते कोकरू उचलायची, त्याच्या तोंडाकडं एक नजर टाकायची आणि नेमकं त्याच्या आईखाली नेऊन लावायची. सव्वाशे मेंढ्या होत्या तेव्हाही असंच, आणि पाण्यापायी विकून विकून बत्तीसवर आल्या तेव्हाही असंच. तिचा नवरा त्रिंबक चाळीस वर्षं वाघरीची दोरी धरून नुसता उभा राहिला. रान, पाणी, लांडगा हे त्याच्याकडं, कोकरं बाईकडं, अशी त्यांच्यात वाटणीच होती. खरं विचाराल तर त्रिंबकला सगळी कोकरं सारखीच दिसायची, आणि त्याचं त्याला काही वाटायचंही नाही.

आता कुणी म्हणेल, मेंढी आपलं पोर वासानं ओळखतेच की, बाईनं त्यात काय मोठा तीर मारला? असं म्हणणाऱ्यानं एकदा दुष्काळात यावं. मेंढीलाच खायला नसतं, कासेत दूध उतरत नाही, पोर जवळ आलं की ती चार पावलं पुढं सरकते. मग तिला गुडघ्यात धरून पाजावं लागतं. आणि धरलेली मेंढी काय, कुणालाही पाजते. चुकीचं कोकरू लावलं, की ते दोनदा पिऊन टुमटुमतं आणि ज्याच्या हक्काचं होतं ते उपाशी राहतं. असे चार-पाच दिवस गेले की खड्डा खणायचा.

त्यांची वस्ती हर्सूलच्या पुढं, जळगाव रोडपासून आत. एकेकाळी घरातून निघालं की मेंढ्यांना रान होतं. आता जिकडं बघावं तिकडं पांढरे दगड पुरलेले आणि प्लॉटच्या पाट्या. शहर रोज थोडं थोडं जवळ येत होतं आणि पाणी रोज थोडं थोडं लांब जात होतं. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. टँकर आला की माणसं हंडे घेऊन पळत आणि मेंढ्या टँकरखाली गळणारं पाणी चाटत उभ्या राहत.

त्यांचा एकुलता एक मुलगा अंगद उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचा आणि शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात लिफ्टवर कामाला होता. पोरगा जिवाचा चांगला, पण घोर लावून घेणारा. आई फोनवर एकच गोष्ट तीनतीनदा सांगते, हे पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं. मग एकदा सिल्लोडच्या बाजाराला म्हणून निघालेली सारजाबाई वाटेत उतरायचं विसरून पार फर्दापूरला गेली, तेव्हा त्यानं रजा टाकली आणि आईबापाला घेऊन दवाखाना गाठला.

तिथं सुकेशनी मॅडम म्हणून डॉक्टर होत्या. साठीच्या पुढच्या माणसांच्या मेंदूचं संशोधन करत होत्या. दरवर्षी तपासणी, मशीनमध्ये मेंदूचं चित्र, सगळं फुकट. मॅडम खुलताबादकडच्या खेड्यातल्या, बोलायला मोकळ्या. त्यांची मदतनीस मात्र पक्की शहरी. तिनं सारजाबाईला सांगितलं, एका मिनिटात जितक्या जनावरांची नावं आठवतील तितकी सांगा. सारजाबाईनं सुरू केलं: भोरी, कानी, मोरी, चांदी, लंगडी, शेवंती, रुसकी... मिनिटभरात अठ्ठावीस नावं झाली. मदतनीसबाईनं कागदावर शून्य लिहिलं. तेवढ्यात सुकेशनी मॅडम आल्या, त्यांनी कागद बघितला, हसल्या आणि म्हणाल्या की आजींनी अठ्ठावीस जनावरं सांगितली आहेत, शून्य खोडा आणि ही सगळी नावं लिहून ठेवा.

मग मशीनमध्ये जायच्या आधी सारजाबाईच्या अंगावरचा धातू काढायची वेळ आली. लग्नापासून न निघालेली जोडवी साबण लावून काढली. ती जोडवी मुठीत धरून त्रिंबक बाहेर बाकावर बसला आणि आतून मशीनचा ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. त्याला वाटलं, आत काहीतरी तोडतायत.

आठवड्यानं मॅडमनी चित्र दाखवलं. सारजाबाई तेव्हा बाहेर अंगदच्या बायकोशी बोलत बसली होती. मॅडम त्रिंबकला म्हणाल्या, मेंदूत गावं असतात असं समजा, आणि गावागावांत रस्ते. आजींची गावं अजून जागेवर आहेत. खराबी रस्त्यांत आहे. आठवण सांभाळणाऱ्या भागाकडं जाणारे रस्ते खचायला लागलेत. पण त्याच वेळी दुसरीकडचे काही रस्ते जास्त वाहतूक ओढतायत, पडलेलं ओझं उचलतायत. हे वेडेपण नव्हे. वयानं होणाऱ्या विसराळूपणाच्या पुढची आणि मोठ्या आजाराच्या अलीकडची ही पायरी आहे. काहीजण वर्षानुवर्षं इथंच राहतात, कुणी माघारीसुद्धा येतं, कुणी पुढं जातं. त्यांना त्यांचं काम करू द्या. आणि रोजच्या कामात चुका व्हायला लागल्या की मला आधी सांगा, कारण पुढची पायरी तिथूनच सुरू होते.

त्रिंबकनं मान डोलावली. पण घरी परतताना अंगदनं जे सांगितलं ते त्याच्या डोक्यात जास्त पक्कं बसलं. "दादा, ज्या दिवशी मायच्या हातून कामात चूक झाली, त्या दिवशी मेंढ्या इकायच्या. अन् माय माझ्याकडं. तुमच्या वस्तीजवळ चार पदरी रोड हाय, माय कवा तिकडं जाईल सांगता येत नाय, मला झोप लागत नाय."

पोराचं चुकत होतं असंही नाही. पण मेंढ्या गेल्यावर सारजा दोन खोल्यांत दिवसभर करणार काय, हा प्रश्न त्रिंबकला पडला, आणि त्याचं उत्तर त्याला आवडलं नाही.

त्या माघात पहिली चूक झाली. पांढऱ्या पायाचं एक कोकरू होतं, चांदीचं. अख्ख्या वाघरीत त्रिंबकला ओळखता यायचं ते तेवढंच. सारजाबाईनं ते उचललं, तोंडाकडं बघितलं आणि मोरीखाली लावलं. पांढरा पाय बघताच त्रिंबकला अंगदचं बोलणं आठवलं. तो बोलायला गेला आणि थांबला. सारजाबाई पुढच्या कोकराकडं वळली. तिनं मागं वळून बघितलं नाही, कारण मागं वळून बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. त्रिंबकनं गुपचूप ते कोकरू ओढून काढलं आणि चांदीखाली लावलं. मग मोरीचं शोधताना त्याचा पार घाम निघाला.

दुसऱ्या दिवसापासून ह्या गड्यानं अडुसष्टाव्या वर्षी शाळा सुरू केली. कान फाटलेलं लंगडीचं, कपाळावर टिकली असलेलं भोरीचं, शेपटीला पांढरं शेवंतीचं. मेंढ्यांमागं चालताना तो हे पुटपुटत असायचा. एकदा प्लॉट बघायला आलेल्या माणसांनी त्याला वेडाच ठरवलं. खुणा असलेली कोकरं त्याला जमली. काळी मात्र शेवटपर्यंत जमली नाहीत. सगळी काळी त्याला एकसारखीच दिसायची. तिथं तो अंदाजानं चालवायचा आणि देवाचं नाव घ्यायचा.

असा एक हंगाम निघाला. सारजाबाई पुढं, त्रिंबक तिच्या मागं दोन हातांवर. ती लावायची, तो बघायचा आणि चुकलं असेल तर बदलायचा. एकही कोकरू मेलं नाही. वस्तीतली गोजरबाई बोलून दाखवायची की सारजाच्या हाताला यश आहे, आमच्याकडची पाच गेली. सारजाबाईला ते ऐकून बरं वाटायचं. त्रिंबकलाही वाटायचं, आणि त्याच वेळी मनातून शरमही वाटायची.

वर्षानं पुन्हा तपासणी झाली. या खेपेला जनावरांची नावं अकराच आली, आणि त्यातही भोरी तीनदा. चित्रातले रस्ते आणखी बारीक झाले होते. मॅडमनी त्रिंबकला समोर बसवून कागदावरचे प्रश्न विचारले. स्वयंपाक? करते. औषधं? घेते. आणि मेंढ्या, कोकरं, रोजचं काम? चूक?

"एक बी नाय," त्रिंबक म्हणाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चित्रात एवढा फरक आणि कामात एकही चूक नाही, हे त्यांना कोड्यात टाकणारं होतं. कुठला तरी रस्ता हे ओझं उचलतोय, म्हणाल्या, पण तो मला चित्रात सापडत नाही. त्यांनी चित्र फिरवून फिरवून बघितलं. आता काय सांगायचं? बाई बिचारी मेंदूत शोधत होती, आणि ओझं उचलणारा समोरच्या खुर्चीत टोपी कुरवाळत बसला होता, मूग गिळून.

मग दुसरा माघ आला. चारा आणखी महागला, मेंढ्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. भोरीला जुळी झाली, दोन्हींच्या कपाळावर पांढरी टिकली. भोरीचा एक सड आटलेला, म्हणजे दोघांना पुरेल इतकं दूध नव्हतंच. कानीला एक काळं कोकरू झालं. त्याच आठवड्यात फर्दापुराहून निरोप आला की त्रिंबकचा मावसभाऊ गेला. दहाव्याला जाणं भाग होतं. त्रिंबक दोन रात्री तिकडं राहिला. जाताना त्यानं गोजरबाईला लक्ष ठेवायला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर कारणही सांगावं लागलं असतं.

परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यानं बघितलं, तर सारजाबाईनं टिकलीवालं एक कोकरू उचललं आणि सरळ कानीखाली लावलं. त्रिंबकनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. टिकलीची भोरीची, हे तर त्याचं तोंडपाठ. तिची पाठ फिरताच त्यानं कोकरू ओढून भोरीकडं नेलं. कानीचं काळं होतं हे आठवून त्यानं एक काळं कोकरू धरलं आणि तिला लावलं. सकाळी तेच. संध्याकाळी तेच. रोज ती टिकलीवालं कानीखाली लावायची आणि रोज हा ते काढायचा. आपण नसतो तर काय झालं असतं, असा थोडा रुबाबही त्याच्या मनात होता, आणि त्याचा मला आजही राग येतो. ते काळं कोकरू चार दिवसांत फुगल्यासारखं झालं, हगवण लागली. तेही या शहाण्याला दिसलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी टिकलीवालं धाकटं कोकरू वाघरीच्या कडेला पडलेलं होतं. थंडगार.

सारजाबाईनं ते मांडीवर घेतलं. पोट चाचपलं, पाठीला टेकलेलं होतं. मग हळू आवाजात, स्वतःशीच सांगितल्यासारखं बोलू लागली. तुम्ही फर्दापूरला गेला त्या रात्री कानीचं काळं दगावलं, मी खड्डा करून पुरलं, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. कानीला दूध होतं, भोरीला नव्हतं. म्हणून कानीचं दूध ह्याच्या अंगाला चोळलं, शेपटीला चोळलं आणि ह्याला तिच्याखाली लावलं. पहिल्या दिवशी तिनं लाथ मारली, दुसऱ्या दिवशी घेतलं.

"रोज लावीत व्हते, असं मला वाटत व्हतं," ती म्हणाली. "लावलंच नसंल मी. लावलं आसतं तर मेलं आसतं का? डॉक्टरीण म्हणती ते खरं हाय. माझं डोकं मला खोटं सांगाया लागलं."

त्रिंबकच्या हातातली दोरी सुटली. चाळीस वर्षांत तिनं केला नसेल इतका बारीक विचार तिनं त्या रात्री एकटीनं केला होता, तो बरोबर होता, तो रोज तिच्या ध्यानात राहिला होता, आणि त्यानं दिवसातून दोनदा तो तिच्या पाठीमागं मोडला होता. आणि आता ती स्वतःवरच अविश्वास धरून बसली होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? नाही बोलला. सारजाबाईनं सांगितलं, अंगदला फोन लावा, मी आता कोकराला हात लावणार नाही, मेंढ्या इकून टाका. आणि ह्यानं मुकाट्यानं फोन लावला. त्याला भीती कशाची होती ते सांगते. मेलेल्या कोकराची जबाबदारी घ्यायला तो तयार होता. पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं. गोजरबाईनं तारीफ केलेला तो अख्खा हंगाम, सारजाच्या हाताचं ते यश, सगळं तिच्या हातातून काढून घ्यावं लागणार होतं. उरलेल्या आयुष्यात तिला मिरवायला तेवढंच होतं.

दुपारी अंगद आला. तोवर सारजाबाईनं दोन लुगडी, कुंकवाची डबी आणि औषधाची पिशवी बांधून ठेवली होती. ती गाडीपाशी जाऊन उभीही राहिली. मेंढ्यांकडं तिनं बघितलं नाही. अंगदनं बापाला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या सकाळी गिऱ्हाईक येईल, जास्त ताणू नका. आईची पिशवी त्यानं हँडलला अडकवली. सारजाबाई मागं बसायला लागली. गाडीवर बसायची तिला कधीच सवय नव्हती, कुठं पाय ठेवायचा ते तिला कळेना.

"उतर," त्रिंबक म्हणाला. "ते कोकरू तू मारलं नाय. म्या मारलं."

अंगदला वाटलं, बाप आईला धीर द्यायला बोलतोय. पण त्रिंबकनं खाली मान घालून सगळं सांगितलं. तू रोज ते कानीखालीच लावत होतीस, मी रोज काढत होतो. मला वाटलं तू चुकलीस. कानीचं मेलं हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी तुला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस आणि ते जगलं असतं.

सारजाबाई गाडीवरून पाय काढून उभी राहिली.

"तुमी काहून काढाया लागले?" तिनं विचारलं. "तुमाला कोकरं कवापासून वळखाया यायला लागली?"

"गेल्या माघापासून."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. त्रिंबकला वाटलं, आता ही खाली बसणार, पण ती बसली नाही. तिनं विचारलं, किती वेळा चुकले? त्यानं पहिल्यांदा सांगितलं, एखाद-दुसरी वेळ. तिनं नुसतं बघितलं त्याच्याकडं. मग त्यानं खरं सांगितलं, की एखाद्या दिवशी एकही नाही, एखाद्या दिवशी दोन, गेल्या दिवाळीपासून कधी कधी चार. अंगदला म्हणाला, मॅडमना फोन कर आणि सांग, मी कागदावर खोटं लिहायला लावलंय, त्या शोधतात तो रस्ता मीच होतो, मेंदूत शोधू नका म्हणावं.

सारजाबाई रडली. तोंडाला पदर लावून, अंगदसमोर, वस्तीसमोर रडली. कोकरासाठी नाही. वर्षभर जगानं तिला शाबासकी दिली आणि ती तिची नव्हती, याचं तिला वाईट वाटत होतं. आणि वर्षभर एक माणूस तिच्या मागं उभा राहून तिच्या चुका मोजत होता आणि तिला कळू दिलं नाही, याचा राग होता. त्याला ती नको ते बोलली. ते इथं सांगत नाही. त्रिंबकनं ते सगळं ऐकून घेतलं, कारण त्यातलं एकही खोटं नव्हतं. मग ती घरात गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

अंगदनं खरंच मॅडमना फोन लावला. मग त्यांनी एवढंच सांगितलं, की पुढच्या सोमवारी दोघांना घेऊन ये, कागद नव्यानं भरू. मेंढ्या आजच विकू नकोस. आणि आजोबांना सांग, मदत करणं चुकीचं नव्हतं, ती लपवणं चुकीचं होतं. अंगदनं हँडलची पिशवी काढून उंबऱ्यात ठेवली, पण तो गेलाही नाही. आईला न्यायचं की ठेवायचं ते त्याला ठरवता येईना.

ऊन कलल्यावर मेंढ्या आल्या. वाघरीतली कोकरं ओरडायला लागली. त्रिंबक दोरीपाशी एकटाच उभा राहिला. आत शिरायची त्याला हिंमत होईना. कोकरं ओरडत राहिली, मेंढ्या पुढं सरकत राहिल्या. गोजरबाई आपल्या दारातून बघत होती.

सारजाबाई बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. त्रिंबक सवयीनं तिच्या मागं जाऊन उभा राहिला, तशी ती थांबली.

"मागं नाय," ती म्हणाली. "म्होरं या. माझ्या तोंडाम्होरं हुबं ऱ्हावा. चुकले तर चुकली म्हणायचं. मला आईकू आलं पायजे."

तो समोर जाऊन उभा राहिला. वाघरीत दोघं असे समोरासमोर कधी उभे राहिले नव्हते. तिनं पहिलं कोकरू उचललं, पांढऱ्या शेपटीचं. तोंडाकडं बघितलं. यावेळी नजर बराच वेळ टाकली. मग ते लंगडीखाली नेऊन लावलं आणि मान वर करून नवऱ्याकडं बघत राहिली.

ते शेवंतीचं होतं, यंदाही तिच्या कोकराची शेपटी पांढरीच होती. त्रिंबकला ते स्वच्छ दिसत होतं. अंगद कुंपणापाशी उभा होता, गोजरबाई दारात होती. होय म्हणावं, आणि नंतर तिची पाठ वळली की बदलावं, हे किती सोपं होतं!

"सारजे," तो म्हणाला, "चुकली."

तिनं डोळे मिटले. मग वाकून आपल्याच हातानं कोकरू सोडवलं, शेवंतीपाशी नेलं आणि ते पिऊ लागेपर्यंत शेवंतीला गुडघ्यात धरून ठेवलं. धरलेलीच होती, तेव्हा मान वर न करता तिनं त्याला सांगितलं, पुढचं द्या.